थोरलीची वीत

१

सकाळी नवरा कामाला गेला, ठकीचं दूध पिऊन झालं आणि भांडी घासून पालथी पडली की धाकटी मागच्या खोलीत जायची. दाराला कडी घालायची नाही, नुसतं लोटून घ्यायची, म्हणजे पोर रडली तर ऐकू यावं. फरशीवर खाकी कागद पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार लोखंडी वजनं ठेवायची आणि उजवा पंजा ताणून कागदावर टेकवायचा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत. दोन विती आणि वर चार बोटं, झाली दोन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकची उंची.

गेले वीस दिवस हा नेम चालला होता आणि वीस दिवस फ्रॉक तोकडाच येत होता.

चूक हिशेबाची नव्हती, हाताची होती. शेजारी नमुन्याला ठेवलेला खाका थोरलीचा होता, म्हणजे तिच्या मोठ्या जावेचा. थोरली लहान मुलांच्या कपड्यांचे कागदी खाके कापायची. आजूबाजूचे शिंपी ते घेऊन जायचे आणि त्यावरून कापड कापायचे. बाहीला एकच शिवण, गळ्याला बटण नाही, आणि मूल झोपलेलं असतानाही न उठवता अंगात चढवता येईल असा तो कपडा. थोरलीनं जन्मात टेप वापरली नाही. म्हणायची, "टेप बघितली की पोर भोकाड पसरतं. हात लावला की हसतं." म्हणून तिच्या खाक्यांवर आकडे नव्हते. जिथे वीत संपते तिथे पेन्सिलीचा एक बारीक ठिपका, बस. धाकटीची वीत त्या ठिपक्यापासून दोन बोटं अलीकडे संपायची. कितीही ताणा, अंगठ्याच्या बेचक्यात कळ यायची, पण करंगळी काही पुढे सरकायची नाही.

आणि सरकायला तर हवी होती. थोरलीचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला. तोवर सगळं ठीक होतं. मग एका कपड्याच्या कंपनीला ते खाके हक्कासकट हवे झाले, आणि घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात तसं झालं. धाकटीच्या नवऱ्याचं म्हणणं, खाके या घरात झाले, घर आमचं, खाके आमचे. थोरलीचं म्हणणं, मागची खोली माझी, तिथे मी अकरा वर्षं राहिले, आणि खाके माझ्या हातचे. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं, आमचा अधिकारी घर बघायला येईल. दोन्ही बायकांनी त्याच्यासमोर टेप न लावता तो देईल त्या मापाचा एकेक खाका कापून दाखवावा.

"हात दाखवून अवलक्षण होऊ देऊ नकोस," नवरा म्हणाला होता. "वीस-पंचवीस दिवस आहेत. बस जरा."

म्हणून ती बसत होती. एकविसाव्या सकाळी तिनं नेहमीसारखा पंजा ताणून थोरलीच्या खाक्यावर ठेवला आणि करंगळी ठिपक्यावर टेकली.

तिनं हात उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा ठिपक्यावर. या वेळी बोटं ताणावीही लागली नाहीत.

२

प्रतिज्ञापत्रावर तिनं सही केली तो दिवस तिला आठवायला नको वाटायचा, आणि नको वाटायचा म्हणूनच तो भांडी घासताना, वेणी घालताना, केव्हाही समोर येऊन बसायचा.

त्याच्या काही महिने आधी थोरली आजारी बहिणीकडे गेली होती, आठ दिवसांसाठी. जाताना ठकीला म्हणाली, "आईला त्रास देऊ नकोस. येते मी." तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं मागच्या खोलीचं कुलूप बदललं. थोरलीचे कपडे, भांडी, अंथरूण दोन पेट्यांत भरून बहिणीच्या पत्त्यावर पाठवून दिलं. पेट्या भरल्या धाकटीनं. घड्या नीट घातल्या होत्या तिनं, जणू त्यानं काही कमी होणार होतं.

मग थोरलीनं दावा लावला. सहीच्या दिवशी वकीलसाहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं. ते मोठ्यानं वाचत गेले. एक, सदर मागची खोली पहिल्यापासून सामान ठेवण्याची असून तिला खिडकी नाही, तिथे कोणी राहणे शक्य नाही. दोन, वादी बाई या घरी अधूनमधून पाहुणी म्हणून येत, त्यापलीकडे त्यांचा या घराशी संबंध नाही. तीन, सदर खाके माझ्या स्वतःच्या हातचे आहेत.

"साहेब," धाकटी म्हणाली, "खिडकी आहे हो तिथे. गल्लीकडे उघडते."

"असू दे ना. पाहणीच्या आधी बुजवा. किती विटा लागतात?"

"बघतो मी," नवरा म्हणाला.

"आणि त्या पाहुण्या नाहीत. त्या..."

"बाई," वकीलसाहेब हसले, "ही वाक्यं काही अंगाला चिकटत नाहीत. कागदावर लिहायची, कागदावरच राहतात. समोरचा काय धुतल्या तांदळासारखा लिहितोय? उंदराला मांजर साक्ष, असंच चालतं इथे. करा सही."

कारकुनानं पानं पुढे सरकवली. "वाचता येतं ना? मग प्रत्येक पानावर."

तिला कुणी दम दिला नव्हता. लोक विचारतील तेव्हा ती सांगणार होती की नवऱ्यापुढे काय चालणार माझं. पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. सहा वर्षं या घरात जो तो थोरलीच्याच हाताचं कौतुक करत आला होता. ठकीच्या अंगातला फ्रॉक बघून शेजारणी म्हणायच्या, "मोठीनं केला वाटतं." वकीलसाहेबांनी तिसरं वाक्य वाचलं, माझ्या स्वतःच्या हातचे आहेत, तेव्हा तिला बरं वाटलं. आणि तिनं पटापट सह्या केल्या.

३

सरावानं हात मोकळा होतो, तिनं स्वतःला समजावलं. पेटी वाजवणाऱ्यांची बोटं लांब होतात म्हणे. वीस दिवस ताणतेय, सैल झाला असेल सांधा. सोपी गोष्ट.

मग तिनं डावा पंजा उजव्यावर ठेवून बघितला. उजवा होता तेवढाच होता. डावा दोन बोटं मोठा होता.

त्या सकाळी कागदावर तिनं कुठला हात ठेवला होता, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

थोरली डावखुरी होती. तिची कात्रीही डावखुऱ्यांची, मुद्दाम करवून घेतलेली. ती मागेच राहिली होती. उजव्या हातात धरली तर कागद कापायची नाही, दोन पात्यांत घडी करून चावायची. धाकटीनं पहिल्याच दिवशी ती बाजूला टाकली होती आणि घरातली साधी कात्री घेतली होती. आता चार दिवसांनी कापता कापता तिच्या लक्षात आलं की आवाज बदललाय. साधी कात्री कचकच करायची. ही सरसर चालली होती, रेशमावरून नख फिरावं तशी. तिनं खाली बघितलं नाही. हातात कुठली कात्री आहे, कळलं होतं तिला. तिनं बाहीचा गोल पूर्ण कापला, कात्री ठेवली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून राहिली.

"डाव्या हातानं चिरतेस?" संध्याकाळी नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. "बोट कापशील."

"उजवा दुखतोय."

"मग बरंय. पाहणीच्या दिवशी दोन्ही हात तयार." तो स्वतःच हसला आणि गेला.

धाकटीला हसू आलं नाही. आनंदही झाला नाही, आणि भीती म्हणावी तर तीही नीटशी नव्हती. दुसऱ्याचं अंगातलं कापड आपल्या पेटीत निघावं आणि नेमकं त्याच वेळी कुणी पेटी उघडावी, तसं काहीतरी होतं ते. लाज.

खोलीत आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. ती कापत असताना सगळं गप्प असायचं. ती थांबली की भिंतीपलीकडे काहीतरी थांबायचं. आवाज यायचा नाही. येत असलेला आवाज बंद झाल्यावर जी पोकळी राहते, तेवढीच कळायची. पलीकडे गल्ली होती, माणसं जात-येत असणार. तिनं मुद्दाम कात्री चालवली आणि मधेच थांबवली. पलीकडचं क्षणभर उशिरा थांबलं. भिंतीवरून एक तळवा फिरत होता आणि थांबला.

चोराच्या मनात चांदणं, ती पुटपुटली आणि ठकीला हाका मारत बाहेर आली.

४

पाहणीच्या आदल्या दिवशी खोलीत शिरताच तिनं दिवा लावला. कागद पसरला, वजनं ठेवली, दोन खाके कापले. तिसऱ्याला हात घालताना तिच्या मनात आलं, सकाळी दहाला मी दिवा का लावलाय?

गल्लीकडच्या भिंतीत खिडकी नव्हती.

बुजवली असेल, हाच पहिला विचार. नवरा म्हणाला होता ना, बघतो. ती उठली आणि भिंतीजवळ गेली. ताज्या सिमेंटचा वास येईल, हाताला ओल लागेल, नव्या गिलाव्याची चौकट दिसेल, असं तिला वाटलं. भिंत कोरडी होती. रंग जुना, सगळीकडे सारखाच पिवळट. खिडकीची जागा होती तिथे एक गंजका खिळा होता आणि खिळ्याला कित्येक वर्षांची जळमटं. त्यात एक वाळलेला किडा.

तिनं ठकीला कडेवर घेतलं आणि चपला न घालता गल्लीत गेली. मागच्या बाजूनं विटांची भिंत सलग होती, खालून वर एकसारखं शेवाळं धरलेली. तिनं कान लावला नाही. लावावासा वाटला, पण लावला नाही.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा तिनं जेवढ्या साधेपणानं विचारता येईल तेवढ्या साधेपणानं विचारलं, "खिडकी कधी बुजवलीत हो?"

"कुठली?"

"मागच्या खोलीतली."

तो जेवत होता तसाच जेवत राहिला. "गोदामाला खिडकी कशाला असेल?"

"वकीलसाहेबांना तुम्हीच म्हणालात ना, बघतो म्हणून."

"काय बघतो म्हणालो?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तो खोटं बोलायचा तेव्हा डावा कान खाजवायचा, आणलेल्या वस्तूचा भाव कमी सांगायचा असला तरी. आता त्याचे दोन्ही हात ताटापाशी होते आणि चेहरा पोरासारखा साफ.

"ताई तिथे बसून कापायच्या," ती म्हणाली. "खिडकीपाशी. तुम्ही बाहेरून टकटक करून त्यांना दचकवायचात. त्या म्हणायच्या, भाऊजी, एक दिवस कात्री लागेल तुमच्या नाकाला."

नवरा पाणी प्यायला. मग त्यानं आवाज खाली आणला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "उद्याचं फार मनावर घेतलंयस तू. वहिनी कधी आल्या की बाहेरच्या खोलीत बसायच्या आणि जायच्या. तू जे लिहून दिलंयस, तेच तर खरं आहे. मग घाबरतेस कशाला?"

खाई त्याला खवखवे. त्याला खवखवत नव्हतं. सही एकटीची होती, खवखवही एकटीलाच उरली.

५

अधिकारी अकराला आले. पोटावर फाइल धरणारे, दारातच चपला काढताना "घर स्वच्छ आहे" असं म्हणणारे साधे गृहस्थ. त्यांच्या मागे थोरली होती.

दार उघडंच होतं. तरी ती उंबऱ्याबाहेर थांबली. धाकटीनं चार दिवसांपासून ठरवून ठेवलं होतं की ती ओरडेल, शिव्याशाप देईल, तेव्हा आपण मान खाली घालायची. तेवढीच मोकळी होईल ती, आणि आपणही. थोरलीनं नुसती पाहुण्यासारखी मान लववली. "या ना," धाकटी म्हणाली, तेव्हा ती आत आली आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवी मांडीवर, गुडघे जुळवून.

ठकी पडद्याआडून बघत होती. ही पोर थोरलीच्या अंगाखांद्यावर वाढली होती, आईच्या आधी थोरलीला हाक मारायला शिकली होती.

"नाव काय बाळाचं?" थोरलीनं विचारलं.

ठकी लाजून पडद्यात गेली. अनोळखी माणसाला लाजतात तशी. धाकटीला वाटलं, धरणी दुभंगावी.

अधिकाऱ्यांनी मागची खोली मापली. दिवा लावून बघितली, भिंतीवर बोटानं ठोकलं आणि लिहिलं. "खिडकी नाही. बरोबर." मग कागद पसरायला सांगितला. माप त्यांनीच दिलं, चार वर्षांच्या मुलीचं. "तुम्ही आधी," ते थोरलीला म्हणाले, "दावा तुमचा आहे."

थोरली कागदापाशी बसली. कात्री तिनं उजव्या हातात उचलली. पात्यांनी कागद चावला. तिनं सोडवला, पुन्हा लावला, पुन्हा घडी पडली. मग तिनं पंजा कागदावर ठेवला आणि आता पुढे काय करायचं म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसतं एक ओशाळं, विनवणीचं हसू होतं, परीक्षेत काही न लिहिता उठणाऱ्या पोरीचं.

"मला नाही येत हो हे," ती म्हणाली. "कुणी सांगितलं मला येतं म्हणून?"

नवरा खोकला. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "बाई, दाव्यात तुम्हीच लिहिलंय."

"वकील म्हणाले दावा माझा आहे, म्हणून मी आले. चुकलं असेल. माफ करा."

मग धाकटी बसली. तिला चुकवायचं होतं. रात्रभर तिनं ठरवलं होतं की हात वाकडा चालवायचा, कागद फाडायचा, काय व्हायचं ते होऊ दे. तिनं डोळे मिटून घेतले. डावा पंजा आपोआप पसरला, टेकला, उचलला, टेकला. कात्री सरसर फिरली. डोळे उघडले तेव्हा कागद फरशीवर पडला होता, बाहीला एकच शिवण, गळा गोल आणि नितळ, वीत संपते तिथे पेन्सिलीचा ठिपका. पेन्सिल कधी उचलली, तिला ठाऊक नव्हतं.

"वा," अधिकारी म्हणाले. "हाताला डोळे आहेत तुमच्या."

थोरलीही पुढे वाकून बघत होती. "किती सुरेख," ती मनापासून म्हणाली. त्यापेक्षा तिनं तोंडावर थुंकलं असतं तर धाकटीला सोसलं असतं.

६

अधिकारी आणि नवरा बाहेरच्या खोलीत कागद लिहीत बसले. धाकटी चहा टाकायला आत आली आणि मागून पावलं वाजली.

"अहो," थोरली म्हणाली, "न्हाणीघर कुठे आहे? हात धुवायचे होते."

अकरा वर्षं ती याच घरात, याच न्हाणीघरात अंघोळ करत आली होती. त्याच्या दाराची कडी वर उचलून सरकवावी लागते, हे नवीन आलेल्या धाकटीला तिनंच दाखवलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, जोर नको लावूस, चुचकार तिला." आणि आता अहो.

"डावीकडे," धाकटी म्हणाली. "ताई, कडी..."

"हो, बघते मी." थोरलीनं जोर लावला. कडी सरकली नाही. ती पुन्हा ओशाळं हसली. धाकटीनं पुढे होऊन कडी उघडून दिली.

हात धुऊन थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत यायला परवानगी हवी असल्यासारखी. चहाला उकळी येत होती.

"ताई, मी खोटं लिहून दिलं," ती हळू म्हणाली. "तुमची खोली होती ती. तुमचे खाके आहेत. मी लिहून दिलं आणि ते... ते तसंच व्हायला लागलंय."

"असं का म्हणता? तुमचा हात बघितला ना सगळ्यांनी."

"तुमचा आहे तो."

थोरली जरा घाबरली. पिशवी तिनं छातीशी धरली.

"बरं," धाकटी म्हणाली, "इथे नव्हतात ना तुम्ही? मग सांगा, दादा गेल्यापासून कुठे होतात? त्याच्या आधी कुठे होतात? ही अकरा वर्षं कुठे काढलीत?"

"म्हणजे काय, मी..." थोरली बोलायला लागली आणि थांबली. तिचे डोळे ओट्यावरून, भिंतीवरून, छतावरून फिरले. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नसलं की माणूस बघतं तसे. "बहिणीकडे... नाही, बहिणीकडे मी आत्ताच आले." कपाळावर घाम फुटला. "कुठेतरी होतेच की मी. उजेड नव्हता तिथे. एवढं आठवतंय. भिंतीला हात लावून लावून बघायचे, कुठे खिडकी लागते का. बोलावलं तर कुणी यायचं नाही. पलीकडून कागद कापल्याचा आवाज यायचा फक्त." तिनं धाकटीकडे बघितलं. "फार जवळून यायचा हो. मग तो थांबायचा. तो थांबला की मीही थांबायचे. वाटायचं, आता कुणीतरी दार उघडेल."

चहा उतू गेला. धाकटीला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

"मला तिथे परत नका पाठवू," थोरली म्हणाली, अगदी सभ्यपणे, पाहुण्यानं दुसरा कप नको म्हणावं तसं.

७

दुसऱ्या दिवशी धाकटीनं घराला कुलूप लावलं, ठकीचं बोट धरलं आणि वकीलसाहेबांच्या कचेरीत गेली. लिहिलेलं खरं होत असेल, तर खरंच लिहून द्यायचं. रात्रभर तिनं वाक्यं जुळवली होती. एक, त्या खोलीला खिडकी आहे. दोन, माझी जाऊ तिथे अकरा वर्षं राहिली. तीन, खाके तिच्या हातचे. घर जाऊ दे, नवरा काय म्हणेल ते म्हणू दे. थोरलीची अकरा वर्षं तिला परत मिळाली की झालं.

साहेब कोर्टात गेले होते. कारकून होता. त्यानं तिची वाक्यं ऐकली आणि पेन खाली ठेवलं.

"पाहणी तुमच्या बाजूनं झालीय बाई. अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आता तुम्ही खोटं लिहून देताय, तेही शपथेवर. कळतंय का?"

"आधीचं खोटं होतं."

"तुमच्याच विरुद्ध आहे हे."

"माहीत आहे मला."

"बघा बुवा." त्यानं कागद टंकून घेतला, चुकतमाकत, मान हलवत. मग जुनी फाइल काढली आणि शेजारी उघडून ठेवली. "जुन्या सहीशी जुळायला हवी. करा."

तिनं पेन उजव्या हातात घेतलं. हात कागदावर गेला आणि तिथेच राहिला. पहिलं अक्षर काढायला गेली तर रेघ घसरली. पहिलीतल्या पोरासारखं एक वेडंवाकडं वळण उमटलं, त्याला ना काना ना मात्रा. तिनं खोडलं. पुन्हा केलं. तेच.

"सावकाश करा," कारकून म्हणाला. "पाणी देऊ का?"

तिनं पेन डाव्या हातात घेतलं. त्या हातानं एका दमात, न अडखळता, सुबक तिरक्या अक्षरांत सही केली. खाली बारीक ठिपका दिला आणि पेन ठेवून दिलं.

कारकुनानं कागद फिरवून आपल्याकडे घेतला. फाइलशी लावून बघितला. मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितला.

"हे वादीचं नाव आहे," तो म्हणाला. "ही सही त्या बाईंची."

धाकटी कागदाकडे बघत राहिली. शाई अजून ओली होती.

"ज्यांनी प्रतिज्ञापत्र दिलंय त्यांनाच मागे घेता येतं. त्यांना घेऊन या." त्याचा आवाज आता सावध झाला होता. "तुम्ही त्यांच्या कोण?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. सहा वर्षांचं घर, नवरा, शाळा, माहेरचं नाव, सगळं ओठांवर येईल असं वाटलं. काहीतरी आलंही, पण ते बोलायची तिला लाज वाटली, दुसऱ्याची वस्तू पुढे करताना वाटावी तशी.

कारकून टेबलावरून वाकला आणि त्यानं आवाज मऊ केला. "बाळ, तुझी आई कुठे आहे गं?"

ठकीनं धाकटीचं बोट घट्ट धरलं होतं. तिनं एकदा वर बघितलं, नीट, थोरलीकडे बघून हसायची तसं ओळखीचं हसून. मग कारकुनाला सांगितलं, "घरी आहे."

घराला तर धाकटीनं येताना स्वतःच्या हातानं कुलूप लावलं होतं. आत कुणीच नव्हतं, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं.